बुजऱ्या कुत्रीसाठी धीराचं घर: शोधायचं कसं, पारखायचं कसं?

ओसरी
गावठी कुत्री, नाव बुंदी. वय दोन वर्षांच्या आसपास, वजन १४ किलो, नसबंदी झालेली, अँटीरेबीज आणि नाइन-इन-वन (अनेक आजारांवरची एकत्रित लस) दोन्ही लसी चालू वर्षाच्या. पिल्लू असताना गाडीखाली येऊन मागचा उजवा पाय मोडला, आत प्लेट आहे, आता नीट चालते. तेव्हापासून पुण्यात फोस्टर घरीच (कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरता सांभाळ करणाऱ्यांकडे) वाढली.

स्वभाव: घरातल्या दोन माणसांच्या हातून खाते, त्यांच्या पायाशी झोपते. तिसरं माणूस दारात आलं की पलंगाखाली, आणि ते गेल्यावरही बराच वेळ बाहेर येत नाही. कधी चावलेली नाही, गुरगुरतही नाही, नुसती थिजते. पहाटे पाचला रस्त्यावर बरी चालते, सातला रिक्षा सुरू झाल्या की घराकडे ओढते. सोबत शांत कुत्रं असलं तर निम्मी भीती जाते.

जाहिरात टाकली की फोन पुष्कळ येतात. भेटायला आलेली माणसं "ही तर जवळच येत नाही" म्हणून परत जातात. माझं मत असं की अशा कुत्रीसाठी प्रेमळ माणसं शोधण्यापेक्षा शांत दिनक्रमाचं घर शोधावं. पटतं का? आणि जाहिरातीत काय लिहावं, कोणते प्रश्न विचारावेत, सुपूर्द करताना काय क्रम ठेवावा, हे जाणकारांनी सविस्तर सांगावं.

गावठी_शेपूट
पटतं. सुरुवात जाहिरातीपासून.

"बिचारी", "हिला वाचवा", "कुणी घेतलं नाही तर काय होईल", हे सगळं काढा. दया वाटून आलेला फोन आठवडाभर टिकतो. ती आज काय करते आणि पहिले तीन महिने काय करणार नाही, हे सरळ लिहा: कुशीत येणार नाही, पाहुण्यांसमोर येणार नाही, हाक मारली की धावत येणार नाही. हे वाचून ज्यांचा उत्साह ओसरतो ते आपोआप गळतात. फोन कमी येतील, पण तुम्हाला हवा तो एकच आहे.

फोटो जमिनीवर बसून, तिच्या डोळ्यांच्या उंचीवरून, दिवसाउजेडी काढा. फ्लॅश नको. एक फोटो शेजारी खुर्ची येईल असा, म्हणजे आकार कळतो. वीस-तीस सेकंदांचे तीन व्हिडिओ: फोस्टरच्या हातून खाताना, पट्टा घालून चालताना, आणि अनोळखी माणूस दारात आल्यावर लपताना. तिसरा लोक टाकत नाहीत, कामाचा तोच असतो.

झिपरी
फोन नंबर जाहीर टाकू नका, फॉर्म ठेवा. पंधरा प्रश्नांचा फॉर्म भरायचा ज्यांना कंटाळा, ते तीन महिने थांबणार नाहीत.

भुईचाफा
गावठी_शेपूट यांच्याशी थोडी असहमत. फार कडक जाहिरात वाचून चांगली पण नवखी माणसंही घाबरतात. पहिल्यांदा कुत्रं पाळणारं, साठीच्या पुढचं निवृत्त जोडपं अशा कुत्रीसाठी अनुभवी कुत्रेवाल्यांपेक्षा बरं ठरू शकतं. दिवसभर घरी, आवाज कमी, येणीजाणी ठरलेली. म्हणून "काय करणार नाही"च्या शेजारी "काय आवडतं" हेही लिहा: उकडलेली कलेजी, पहाटेची फेरी, उन्हाची खिडकी.

गावठी_शेपूट
मान्य. दोन्ही हवं.

पशुवैद्य_सातारकर
घर शोधण्याआधी दुखणं वगळा. पायात प्लेट आहे म्हणता, मग एकदा एक्स-रे काढून स्क्रू सैल झालेत का ते बघा. थंडीत किंवा जिना चढल्यावर पाय दुखत असेल तर ती माणूस जवळ आलं की आक्रसणारच, आणि आपण त्याला स्वभाव म्हणत बसतो. कान तपासा. रक्ताची पूर्ण तपासणी करून प्लेटलेट बघा. गोचीडतापाचा एर्लिकिया हा जंतू महिनोन् महिने दबून राहतो आणि घर बदलण्याच्या ताणात डोकं वर काढू शकतो. नव्या घरी पोचल्यावर ताप आला, खाणं सुटलं, की ते लोक "रुसली आहे" समजतात आणि उशीर होतो.

भीतीसाठी औषधं असतात आणि ती द्यायला कमीपणा नाही. रोजच्या औषधांत फ्लुओक्सेटिनचा परिणाम दिसायला ४ ते ६ आठवडे लागतात. म्हणून ते द्यायचं ठरलं तर आत्ता सुरू करा, घर बदलायच्या आठवड्यात नव्हे. दवाखाना किंवा प्रवासासाठी गॅबापेंटिन वा ट्रॅझोडोन साधारण दोन तास आधी देतात. ते आधी एखाद्या निवांत दिवशी देऊन बघा, कुत्र्यागणिक परिणाम वेगळा असतो. मात्रा तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायची.

दोन गोष्टी जपा. गॅबापेंटिनचं माणसांसाठीचं पातळ औषध आणू नका, काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्यांना विषारी आहे. आणि फटाक्यांच्या भीतीसाठी नुसतं एसीप्रोमाझीन (गुंगीचं औषध) नको. त्याने अंग ढिलं पडतं, भीती तशीच राहते. कुत्रं शांत दिसतं, असतं मात्र घाबरलेलंच.

सुपूर्द करताना चालू औषधांचा महिनाभराचा साठा सोबत द्या. अशी औषधं एकदम बंद करत नाहीत.

आडवाट
थोडा वेगळा मुद्दा. सगळ्याच बुजऱ्या कुत्र्यांना घर हवंच असतं का? प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे नसबंदीनंतर रस्त्यावरचं कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं असतं. स्वतःची गल्ली, स्वतःची टोळी, रोज खाऊ घालणारं माणूस असलेलं कुत्रं चार भिंतींत आणून आपण त्याचं भलं करतो हे मला पटत नाही. माणसापासून दहा फूट लांब राहणं रस्त्यावर शहाणपण आहे, घरात आपण त्यालाच आजार म्हणतो.

खारीताई
आडवाट, रस्त्यावर मोठ्या झालेल्या कुत्र्याबाबत तुमचं म्हणणं रास्त आहे. बुंदीला तो नियम लागू करून उपयोग नाही, कारण तिला गल्लीच नाही. पिल्लापासून घरात आहे. आता कुठेही सोडली तर तिथली कुत्री हाकलतील, आणि पायात प्लेट असलेली कुत्री पळून पळून किती पळणार?

पिल्लाच्या वयाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यात माणसं, आवाज, गाड्या यांची ओळख पक्की होते. तिचा तो काळ बहुतेक दवाखान्यात आणि खोलीत गेला. पुढे सुधारणा होते, पण ज्या कुत्र्याची ती ओळख वेळेवर झाली त्याच्यासारखी ती होईल असं कुणालाही सांगू नका.

आडवाट
बुंदीबाबत पटलं. मुद्दा मात्र इतर कुत्र्यांसाठी कायम ठेवतो.

खारीताई
आता प्रश्नांकडे. "वेळ द्याल का?", "धीर धराल का?" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. दिनक्रमाचे प्रश्न विचारा, उत्तरं आपोआप बोलतात:

कामाच्या मावशी किती वाजता येतात, दार कोण उघडतं? कुरिअर, गॅस, दूध, इस्त्रीवाला धरून दिवसात बेल किती वेळा वाजते? सेफ्टी डोअर आहे का, आणि ते खरंच लावलेलं असतं की नुसतं लोटलेलं? बाल्कनीच्या ग्रिलमध्ये सगळ्यात मोठी फट किती इंच? घर भाड्याचं असेल तर अकरा महिन्यांचा करार कधी संपतो, घरमालकाची परवानगी लेखी आहे का? लग्नकार्याला गावी गेलात तर ती कुठे राहील? गणपतीत घरी किती माणसं येतात? सहा महिन्यांत नोकरी, घर, बाळंतपण, आजारपण असा काही बदल दिसतोय का?

आणि हा एक: "तीन महिन्यांनीही तिने अंगाला हात लावू दिला नाही, तर काय कराल?" चांगलं उत्तर साधं असतं: "नाही लावणार हात." सावध करणारी उत्तरं तीन. "माझ्याकडे सगळी कुत्री लगेच येतात." "एकदा धरून मांडीवर घेतलं की भीती मोडते." "मुलांना सोबत हवी आहे म्हणून घेतोय."

घरातल्या प्रत्येकाशी बोला, विशेषतः दिवसा घरी असणाऱ्यांशी. मुलगा-सून उत्साहाने फॉर्म भरतात आणि दिवसभर कुत्रीजवळ आजी एकट्या असतात, ज्यांना कुणी विचारलेलंच नसतं. आजींचा होकार मनापासून असेल तर तेच घर उत्तम.

मुळशीकर
फार्महाऊसवाल्यांचे फोन आले असतीलच. राखणीला हवी असेल तर तिथेच नाही म्हणा. बुजरं कुत्रं राखण करत नाही, पळतं. मग त्याला साखळीला बांधतात, आणि बांधलेल्या भित्र्या कुत्र्याला पळायला जागा उरली नाही की ते चावायला शिकतं.

भुईचाफा
शांत गाव, मोकळी जागा, गाड्या नाहीत. सरसकट नाही का म्हणायचं?

मुळशीकर
सरसकट नाही. माणसं कायम तिथे राहतात, ती रात्री घरात झोपेल, आणि कुंपण पक्कं आहे, या तीन अटी पुऱ्या होत असतील तर गाव शहरापेक्षा बरं. कुंपण सहा फूट, गेटखाली फट नाही, कुंपणाला टेकून लाकडं वा टाकी नाही. आपली गावठी कुत्री अंगाने हलकी, पाच फुटांवर सहज चढतात. जुन्नर, आंबेगाव, खेड पट्ट्यात तर रात्री बाहेर ठेवायचा प्रश्नच नाही, बिबट्या कुत्र्यासाठीच वस्तीत येतो.

सोसायटी_सचिव
कायद्याच्या बाजूने थोडक्यात. भारतीय प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला ठराव करूनही पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायलाही मनाई करता येत नाही. महापालिकेचा परवाना मात्र दत्तक घेणाऱ्याच्या नावावर काढायला लावा. सर्वोच्च न्यायालयाच्या २२ ऑगस्ट २०२५च्या आदेशात महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घेण्याची सोय आहे, आणि ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची. पाळीव प्राण्याचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहेच. म्हणून करारात एक कलम ठळक ठेवा: जमलं नाही तर तिला परस्पर कुणालाही द्यायचं नाही, तुमच्याकडेच परत.

तिच्यासाठी लिफ्टचा हक्क दुय्यम आहे. लिफ्ट म्हणजे बंद पेटी, आणि दार उघडलं की समोर अनोळखी माणूस. तळमजला किंवा पहिला मजला मिळाला तर निम्मं काम होतं.

पिंपळपान
म्हणजे स्थळ बघण्यासारखंच आहे हे. कांदेपोह्यांचा कार्यक्रम ठेवा!

पशुवैद्य_सातारकर
पोहे चालतील, कांदा वगळून. कांदा-लसूण कुत्र्यांच्या तांबड्या पेशी फोडतात. :)

गावठी_शेपूट
पाहुण्यांच्या पहिल्या भेटीबद्दल तेवढ्यात लिहून टाकतो. भेट फोस्टरच्या घरी, एका वेळी दोनच माणसं, बेल न वाजवता. येणाऱ्यांनी जमिनीवर तिच्याकडे कूस करून बसायचं, तिच्याकडे टक लावायची नाही, हात पुढे करायचा नाही. आपसात गप्पा माराव्यात. पहिल्या भेटीत ती पलंगाखालीच राहिली तर भेट फसली असं नव्हे.

खाऊ माणसाच्या हाताशी ठेवायचा नाही, तिच्या मागे टाकायचा. याला कारण आहे. हाताशी ठेवला तर भुकेपोटी ती पुढे येते, खाऊ संपतो, आणि तेव्हा तिच्या लक्षात येतं की आपण अनोळखी माणसाच्या किती जवळ आलोय. भित्र्या कुत्र्याचा चावा बहुधा याच क्षणी होतो. मागे टाकला की खायला ती लांब जाते, ताण उतरतो, आणि पुढच्या तुकड्यासाठी आपणहून वळते. तुकडे हरभऱ्याएवढे, उकडलेल्या कलेजीचे. भेट अर्ध्या तासात आटपा. अशा तीन-चार भेटी झाल्या, शेवटची एकत्र पहाटे फिरण्याची, की मग पुढचं बोला.

जांभया, ओठ चाटणं, मान वळवून डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं, एक पाय उचलून धरणं, ही "आता पुरे"ची खूण. ती दिसली की लगेच थांबायचं. थिजलेलं कुत्रं हात लावू देतं ते आवडतं म्हणून नव्हे.

झिपरी
सुपूर्द करतानाचं सगळ्यात मोठं संकट म्हणजे निसटणं. गाडीतून उतरताना, नव्या घराच्या दारात, पहिल्या फेरीत. म्हणून पट्ट्याबद्दल सविस्तर.

साध्या कॉलरमधून गावठी कुत्री सहज निघतात, मान आणि डोकं जवळपास एकाच मापाचं असतं. नुसता हार्नेसही पुरत नाही. कुत्री मागे सरकत ताण देते, पुढचे पाय आत घेते आणि क्षणात बाहेर. म्हणून दोन्ही: ओढल्यावर मर्यादेत आवळणारी मार्टिंगेल कॉलर आणि बरगड्यांच्या मागे कमरेशी तिसरा पट्टा असलेला हार्नेस. दोन वेगळे पट्टे, एक हातात, एक माणसाच्या कमरेला. ताणाखाली लांबणारा गुंडाळीचा पट्टा नको. हातातून सुटला तर त्याचं हँडल खडखडत मागे येतं आणि ती आणखी पळते. हे सगळं फोस्टरच्या घरी दोन आठवडे आधी सवयीचं करा. छातीचा घेर मोजून घ्या, पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा.

प्रवास गाडीनेच, शक्यतो पिंजऱ्यात, वर चादर टाकून. दुचाकी नाही, रिक्षा नाही. गाडी सोसायटीच्या आत, फाटक बंद, दोन्ही पट्टे हातात, मग दार उघडायचं. गळ्यात नंबराचा बिल्ला. मायक्रोचिपही बसवा आणि तिचा १५ अंकी क्रमांक नव्या घराच्या नावाने नोंदवा, पण चिप वाचायला यंत्र लागतं. रखवालदार बिल्लाच वाचणार.

भुईचाफा
आणि तरी सुटलीच तर?

झिपरी
पाठलाग नाही, हाका नाही, दहाजणांची शोधमोहीम नाही. भेदरलेलं कुत्रं ओळखीच्या आवाजापासूनही पळतं. फोस्टरला बोलवा. शेवटची दिसली तिथे तिचं अंथरूण आणि वासाचं खाणं ठेवा, लांब बसून राहा. दिसली तर तिच्याकडे पाठ करून खाली बसा. रात्री दोन ते पहाटे पाच ही ती बाहेर पडण्याची वेळ. फलकावर मोठ्या अक्षरात "पकडू नका, फोन करा". दूधवाले, पेपरवाले, सफाई कामगार, रखवालदार, कुत्र्यांना खाऊ घालणारे यांना आधी सांगा, आणि जवळच्या सोसायट्यांचे कॅमेरे बघा.

खारीताई
तारखेबद्दल कुणी लिहिलं नाही. श्रावणाच्या शेवटी देऊ नका, पंधरवड्यात ढोल-ताशे सुरू होतात. गणपती ते दिवाळी हा सगळा काळ टाळा. दिवाळीनंतर तुळशीचं लग्न होऊन फटाके थांबले की द्या, म्हणजे पावसाळी गडगडाटापर्यंत सहा महिने मिळतात. वर्षअखेरीचा एक आठवडा सोडा. घर विसर्जन मिरवणुकीच्या रस्त्यावर किंवा मंगल कार्यालयाशेजारी आहे का हेही बघा. आणि घेणाऱ्यांपैकी एकाने पहिले चार-पाच दिवस सुट्टी घ्यायची, पण चोवीस तास तिच्याजवळ बसायचं नाही, नाहीतर सोमवारी घर रिकामं झालं की नवीन धक्का.

ओसरी
खूप उपयोगी. पहिल्या पंधरा दिवसांत त्यांना नेमक्या काय सूचना द्याव्यात? आणि पलंगाखालची जागा बंद करावी का?

गावठी_शेपूट
बंद करा. तिथून ती कुणालाच दिसत नाही, दवाखान्यात न्यायची वेळ आली तर ओढून काढावी लागते, आणि एकदा ओढलं की महिनाभराची कमाई गेली.

भुईचाफा
मी उलट म्हणेन. आज तिला येणारी एकमेव युक्ती ती आहे, तीच काढून घ्यायची?

खारीताई
पलंगाखाली खोके सरकवून जागा बंद करा, पण ती यायच्या आधी. आणि त्याच खोलीत तिच्यासाठी लपायची सोय करा: टेबलावरून जमिनीपर्यंत चादर, दोन बाजूंनी वाट, फोस्टर घरचं न धुतलेलं अंथरूण. खोली येण्याजाण्याच्या वाटेवरची नको, स्वयंपाकघराला लागून तर नकोच, कुकरच्या शिट्ट्या आणि मिक्सर असतो. बेलचं कनेक्शन काढा, दाराबाहेर "बेल वाजवू नका, फोन करा" अशी चिठ्ठी.

खाणं दोन आठवडे तेच, वेळाही त्याच. पहिल्या दिवशी न खाणं, चोवीस तास शू धरून ठेवणं नवीन जागेत होतं. दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, किंवा चोवीस तासांपुढे शू नाही, तर डॉक्टर. पाणी पीत नसेल तर त्याआधीच. लगेच रस्त्यावर नेऊ नका. बंदिस्त बाल्कनीत किंवा न्हाणीघरात ट्रे, त्यात फोस्टरच्या फिरण्याच्या जागेची थोडी माती.

हात लावायचा तर ती जवळ आली तरच, डोक्यावरून नाही, छातीशी, तीन सेकंद, मग थांबा. पुढे सरकली तर परत, नाही तर नाही. घाबरल्यावर शांतपणे जवळ बसल्याने भीती वाढते हा गैरसमज आहे, हेही सांगून टाका. गुरगुरली तर रागावू नका; गुरगुरणं दाबलं तर पुढच्या वेळी इशारा न देता चावेल.

पशुवैद्य_सातारकर
+१. आणि चावा झालाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना नाही, मग लगेच दवाखाना. कुत्रीची लस झाली असली तरी.

झिपरी
सरळ दत्तक देऊ नका. आठ आठवडे फोस्टर म्हणून, मग कागद. या काळात विचारपूस पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी, पुढे दर पंधरवड्याला. "कशी आहे?" विचारलं की "मस्त" येतं. त्याऐवजी जेवतानाचा आणि दार उघडतानाचा व्हिडिओ मागा. तीन आठवड्यांपर्यंत काहीच ठरवायचं नाही. आठ आठवड्यांनी माणसं घरात असताना ती अजिबात बाहेर येत नसेल, किंवा घरच्यांनाच तिची भीती वाटू लागली असेल, तर परत घ्या, कुणालाही दोष न देता.

ओसरी
सगळं वाचून जाहिरात नव्याने लिहिली आहे:

"बुंदी, दोन वर्षं, १४ किलो, नसबंदी आणि लसी पूर्ण. पहिले तीन महिने ती तुमच्यापासून लपेल, पाहुण्यांसमोर येणार नाही, लाड करून घेणार नाही. तिला पहाटेची फेरी, उन्हाची खिडकी आणि कलेजी आवडते. शांत घर हवं: दिवसा कुणीतरी घरी, येणीजाणी कमी, तळ किंवा पहिला मजला, सेफ्टी डोअर. घरी शांत कुत्रं असेल तर फारच छान. दहा वर्षांखालची मुलं आणि राखणीची अपेक्षा असलेली घरं नकोत. आधी फॉर्म, मग तीन-चार भेटी, मग आठ आठवडे फोस्टर. औषधं आणि सल्ला आमच्याकडून, कधीही परत घेऊ."

भुईचाफा
छान. "दहा वर्षांखालची" ऐवजी "लहान, धावपळ करणारी" लिहाल का? आठ वर्षांची शांत मुलगी असते आणि चौदाचा मुलगा घरात फुटबॉल खेळतो.

खारीताई
जाहिरातीत आकडा राहू द्या, फोनवर अपवाद करता येतो. उलट केलं तर नाही म्हणणं जड जातं.

पशुवैद्य_सातारकर
पायाचं लिहिलेलं नाही, ते लिहा. गुळगुळीत फरशीवर तिचा मागचा पाय घसरेल, आणि घसरण्याची भीती बसली की ती खोलीतून बाहेरच येणार नाही. लपायची जागा ते पाणी, पाणी ते बाल्कनी अशी रबरी तळाची पायपुसणी सलग टाकायला सांगा. नखं दर तीन-चार आठवड्यांनी कापायची. वजन १४ किलोच्या वर जाऊ देऊ नका.